‘ढ’ ठरविण्याची घाई

मराठी शाळांतील एकाक्षरी निकालाची परंपरा फार जुनी आहे. फळ्यावरचा मजकूर ज्याला नीट उतरवून घेता येत नाही, शुद्धलेखनात ज्याची वही तांबडी होते, तो विद्यार्थी ‘ढ’. या निकालावर अपील नसते. शिक्षक तो देतात, पालक मान्य करतात आणि कालांतराने तो मुलगाही स्वतःविषयी तसेच मानू लागतो. परंतु यातील कित्येक निकाल मुळातच चुकीचे असतात, याची जाणीव अद्याप वर्गापर्यंत पुरेशी पोहोचलेली नाही.

काही मुलांची बुद्धी सर्वसामान्य, प्रसंगी त्याहूनही तल्लख असते. मात्र वाचन, लेखन वा गणन यांपैकी एखादे कौशल्य त्यांना सहजी साधत नाही. यालाच अध्ययन अक्षमता म्हणतात. असा विद्यार्थी ‘घ’ आणि ‘ध’ यांत, ‘भ’ आणि ‘म’ यांत गोंधळतो, वेलांटी भलत्याच अक्षराला देतो, जोडाक्षरापाशी अडखळतो. तोंडी विचारलेल्या प्रश्नाचे चटकन उत्तर देणारा हा मुलगा उत्तरपत्रिका मात्र कोरी ठेवतो. हा आळस नव्हे आणि छडीने तो जातही नाही.

कायद्याने याची दखल घेतली आहे. १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यात केवळ सात प्रकारांची नोंद होती व अध्ययन अक्षमतेला तीत स्थान नव्हते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ही संख्या एकवीसवर नेली, अध्ययन अक्षमतेचा समावेश केला आणि ती शक्य तितक्या लवकर ओळखून योग्य अध्यापनाची तजवीज करण्याचे कर्तव्य शिक्षणसंस्थांवर सोपविले. दर पाच वर्षांनी शालेय मुलांची पाहणी करावी, असेही त्यात म्हटले आहे.

महाराष्ट्राने तर त्यापूर्वीच, १९९६ पासून, अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष अशा सवलती देऊ केल्या. धोरण स्तुत्य होते, यात शंका नाही. परंतु सवलत मोफत असली, तरी तिच्यापर्यंत पोहोचण्याचा खर्च मोफत नसतो, हा अर्थशास्त्रातील साधा नियम येथेही लागू पडतो. प्रमाणपत्रासाठी मोठ्या शहरातील रुग्णालयात खेटे घालावे लागतात, चाचण्यांना अनेक बैठका लागतात. मुंबईतील सुशिक्षित पालकाला हे जमते. तालुक्याच्या गावाहून येणाऱ्या शेतमजूर आईला प्रत्येक खेपेस एक दिवसाची मजुरी आणि एस.टी.चे भाडे गमवावे लागते. शिवाय आपल्या मुलास असे काही असू शकते, हे तिला सांगणार कोण? परिणामी ज्याला आधाराची गरज अधिक, त्याच्या वाट्याला तो कमी येतो.

दुसरा दोष याहून गंभीर आहे. सवलत परीक्षेशी जोडलेली असल्याने पालकांना प्रमाणपत्राची निकड जाणवते ती दहावी जवळ आल्यावर. तिसरीत नेमक्या पद्धतीने शिकविले असते, तर जे साधले असते, त्याची भरपाई दहावीतील जादा वेळाने कशी व्हावी? नोबेल पारितोषिक विजेते अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन यांनी बालवयातील शिक्षणावरील खर्च हा पुढील वयातील दुरुस्तीवरील खर्चापेक्षा अधिक फलदायी असल्याचे प्रतिपादन केले आहे. येथे आपण नेमके उलट करीत आहोत.

याचा सारा दोष शिक्षकांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. भरलेला वर्ग, अभ्यासक्रमाची घाई आणि अशैक्षणिक कामांचे ओझे सांभाळून त्यांनी निदानही करावे, ही अपेक्षा अवाजवी आहे. निदान हे तज्ज्ञांचेच काम. शिक्षकांकडून अपेक्षा आहे ती केवळ प्राथमिक लक्षणे टिपण्याची. त्यासाठीची साधने उपलब्ध आहेत. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने विकसित केलेल्या ‘डाली’ या चाचण्या मराठीतही आहेत आणि एन.सी.ई.आर.टी.ची ‘प्रशस्त’ ही तपासणी-सूचीही आहे. उणीव आहे ती पुढच्या पायरीची. प्राथमिक स्तरावर दहा आणि पुढे पंधरा विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, हे प्रमाण २०२२ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचित केले. तरीही राज्यांनी पदे निश्चित करून भरावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला मार्च २०२५ मध्ये द्यावा लागला.

तेव्हा उपाय दुर्बोध नाही. दुसरी-तिसरीत प्रत्येक मुलाची प्राथमिक तपासणी व्हावी, तज्ज्ञांचे पथक ठराविक दिवशी तालुक्याच्या ठिकाणी जावे आणि प्रमाणपत्राची वाट न पाहता शाळेतच उपचारात्मक अध्यापन सुरू व्हावे. यास खर्च येईल, हे खरे. पण वाचता न आल्यामुळे शाळा सोडणाऱ्या मुलाची किंमत समाज आजही मोजतोच आहे. ती कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही, इतकेच.