पाणंद, कालवा आणि सायकल

सायकलीने दूरचा पल्ला गाठावयाचा म्हटला की डोळ्यांसमोर गुळगुळीत डांबरी सडक येते. परंतु गेल्या वीस-पंचवीस वर्षांत युरोप-अमेरिकेतील हौशी सायकलस्वार मोठ्या संख्येने डांबर सोडून खडीच्या आणि मातीच्या वाटांना लागले आहेत. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात 2006 साली अशा वाटांवरील एक लांब पल्ल्याची शर्यत सुरू झाली, आणि पुढे या छंदासाठी निराळी सायकलच बाजारात आली. तिकडे या प्रकाराला 'ग्रॅव्हल' म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी शब्दांचा तुटवडा नाही. खडी, मुरूम, गाडीवाट, शिवरस्ता, पाणंद यांतील प्रत्येक शब्दाने एक निराळा रस्ता दाखविता येतो.

डांबर सोडण्याचे कारण सरळ आहे. डांबरी रस्ता मोटारीच्या मालकीचा झाला. सायकलस्वाराला जी शांतता हवी ती जेथे मोटारीला जाणे गैरसोयीचे वाटते तेथेच उरली आहे.

मात्र अशा वाटेवर शर्यतीची अरुंद टायरांची सायकल चालत नाही. तिचे टायर पंचवीसएक मिलिमीटर रुंद असते आणि त्यात दर चौरस इंचास शंभर पौंडांच्या आसपास हवेचा दाब असतो. टायर दगडासारखे टणक असल्याने वाटेतील प्रत्येक खडा स्वारासकट सगळी सायकल उचलतो, आणि पुढे जाण्यासाठी लावलेली शक्ती अंग हादरण्यात खर्च होते. टायर चाळीस मिलिमीटरचे केले आणि हवा पस्तीस-चाळीस पौंडांवर आणली, म्हणजे खडा टायरातच दबून जातो व सायकल सरळ पुढे सरकते. गंमत अशी की आपल्या दूधवाल्यांची आणि पोस्टमनांची जी अठ्ठावीस इंची काळी सायकल, तिचे दीड इंची टायर जवळजवळ एवढेच रुंद असते. परदेशी कारखानदारांनी मोठ्या संशोधनाअंती जो आकडा काढला, त्यावर बसून आपल्याकडचे लोक तीन पिढ्या बाजाराला जात होते!

या छंदाचे माहेर म्हणून अनेकजण फ्रान्सच्या ग्रामीण भागाकडे बोट दाखवितात. तेथील सेंत-एत्येन या गावी पॉल द विवी नावाचे गृहस्थ होते. 'वेलोसिओ' या टोपणनावाने ते ओळखले जात. 1887 साली त्यांनी सायकलीला वाहिलेले नियतकालिक काढले आणि 1930 मध्ये निधन होईपर्यंत शर्यतीपेक्षा भटकंतीचा व बदलत्या गिअरांचा हिरिरीने पुरस्कार केला. पण माणसे हौशी असून भागत नाही. वाटा शिल्लक असाव्या लागतात. फ्रान्समध्ये त्या शिल्लक राहिल्या, यामागे निसर्गाच्या कृपेइतकाच दप्तराचाही हात आहे. तेथील गावरस्ते ग्रामपालिकेच्या खासगी मालमत्तेत मोडतात, परंतु ते सार्वजनिक वापरासाठी खुले असतात. दुसऱ्या महायुद्धानंतर जमिनींचे एकत्रीकरण झाले तेव्हा असे पुष्कळ रस्ते, कडेच्या कुंपणांसह, नांगराखाली गेले. 1983 च्या कायद्याने जिल्हावार पायवाटांच्या याद्या करण्याची तरतूद झाली. यादीतील वाट ग्रामपालिकेला विकावयाची असेल तर तिच्या बदल्यात तितकीच सोयीची दुसरी वाट द्यावी लागते. ज्या रस्त्याची कोणी दखल घेत नाही, तो मात्र शेजारच्या शेतकऱ्याने तीस वर्षे वहिवाटीखाली ठेवला तर त्याचाच होऊ शकतो. म्हणून 2022 च्या एका कायद्याने ग्रामपालिकांना आपल्या रस्त्यांची मोजदाद करण्याचा, आणि ती चालू असेपर्यंत ही वहिवाटीची मुदत थांबविण्याचा अधिकार दिला.

आता मी राहतो त्या मुनिरकाकडे वळतो. दक्षिण दिल्लीत बाह्य रिंगरोडला लागून असलेले हे मूळचे जाट शेतकऱ्यांचे गाव. ज्या मराठी विद्यार्थ्यांनी जवाहरलाल नेहरू विद्यापीठात शिकताना येथील अरुंद गल्ल्यांत खोली घेतली असेल, त्यांना ते ठाऊक आहे. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत गावाची शेते सरकारने संपादन केली. त्यांवर रामकृष्णपुरमच्या सरकारी वसाहती उभ्या राहिल्या, आणि 1969 साली स्थापन झालेल्या विद्यापीठाचा विस्तारही याच परिसरात झाला. महसुली नकाशात वस्तीभोवती तांबडी रेघ असते. तिला येथे लाल डोरा म्हणतात. त्या रेघेच्या आतील गल्ल्या राहिल्या. बाहेर शेतांकडे जाणाऱ्या वाटा शेतांबरोबरच गेल्या, कारण शेत गेल्यावर वाटेची बाजू मांडणारा कोणी उरला नाही. शहराची गरज मोठी होती हे मी नाकारीत नाही. परंतु चार-दोन जुन्या वाटा झाडांसकट राखून वसाहती आखता आल्या नसत्या, असे नकाशे पाहताना मला पटत नाही.

तरीही मुनिरकाच्या माणसाला माती अगदीच दुर्लभ नाही. मेहरौलीच्या बाजूस संजय वन आहे. तेथे कीकराच्या झाडीतून लाल मातीच्या वाटा जातात आणि मध्येच लालकोटच्या जुन्या तटाचे दगड दिसतात. दिल्लीचा कणा ज्या गारगोटीसारख्या कठीण दगडाचा आहे, त्याचाच हा चुरा. बांधकामात वापरली जाणारी अशीच लालसर जाड रेती पूर्वी दक्षिणेकडील भाटीच्या खाणींतून येई आणि दिल्लीत तिला 'बदरपूर' म्हणत. या डोंगराळ पट्ट्याला 1994 साली राखीव वनाची अधिसूचना लाभली, म्हणून तो बराचसा वाचला. विलायती कीकराचा, म्हणजे आपल्या वेड्या बाभळीचा, काटा मात्र कोणत्याही टायराची परीक्षा पाहतो. जाणकार स्वार ट्यूब काढून टायरात चिकट द्राव भरतात. काटा निघताच तो द्राव छिद्र बुजवून टाकतो.

याहून लांब जावयाचे असेल तर नजफगढ नाल्याचा बांध आहे. राजस्थानातून येणाऱ्या साहिबी नदीचे पाणी या नाल्याने ढांसा येथे दिल्लीत शिरते आणि सुमारे 57 किलोमीटर वाहून वजीराबादजवळ यमुनेला मिळते. नाव ऐकून नाक मुरडू नये. छावलापासून खाली शहराकडे नाक मुरडण्यास भरपूर कारण आहे, परंतु छावला ते ढांसा या वरच्या भागात दोन्ही बाजूंना शेते आहेत, आणि हिवाळ्यात हंस व बदके उतरतात. मुनिरकाहून तेथपर्यंतचा रस्ता महिपालपूर व द्वारका यांमधून जातो. तो इतका गजबजलेला असतो की रविवारी उजाडण्यापूर्वी निघाले तरच निभाव लागतो.

महाराष्ट्रात मात्र ही संपत्ती अद्याप गावोगाव पडून आहे. आपल्या गावनकाशात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखविण्याची पद्धत आहे. गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट आणि पायमार्गाची सव्वाआठ फूट धरतात. हे चमत्कारिक आकडे आले कोठून? जुन्या मुंबई इलाख्यातील मोजणीची साखळी तेहतीस फुटांची होती. तिची अर्धी म्हणजे साडेसोळा, पाव म्हणजे सव्वाआठ. आपला गुंठाही त्याच साखळीचा चौरस आहे. नकाशावर साडेसोळा फूट असलेली पाणंद प्रत्यक्षात जाऊन पाहावी, तर पुष्कळ ठिकाणी दोन्ही बांधांनी तिला गिळून बैलगाडीपुरतीही ठेवलेली नसते.

कायदा यावर मुका नाही. 1906 चा मामलेदार न्यायालय अधिनियम वहिवाटीच्या रस्त्यावरील अडथळा दूर करवितो. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत दाद मागावी लागते. 1966 च्या जमीन महसूल संहितेतील कलम 143 बांधावरून शेतात जाण्याचा हक्क देते. 2021 साली पाणंद रस्त्यांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आली, आणि 2025 मध्ये शेतरस्ते तीन ते चार मीटर रुंद करून त्यांची नोंद सात-बाराच्या इतर हक्कांत घेण्याचा निर्णय झाला. या नोंदीचे महत्त्व मला अनुदानापेक्षा अधिक वाटते. मुरूम पावसात वाहून जातो, नोंद राहते.

येथे सायकलस्वाराने आपली पायरी ओळखावी. ऊस बाहेर काढणाऱ्या शेतकऱ्याला पावसाळ्यात न रुतणारा रस्ता हवा, मग तो काँक्रीटचा का होईना. काळ्या मातीच्या चिखलात ज्याचा ट्रॅक्टर अडकला आहे, त्याला मातीच्या वाटेचे सौंदर्य ऐकविण्यात अर्थ नाही. परंतु अतिक्रमण हटावे ही गरज दोघांचीही आहे, आणि चांगला दाबलेला मुरूम दोघांनाही चालतो.

पाणंदीखेरीज दुसरी वाट कालव्याची. नीरा डावा कालवा वीर धरणापासून निघून बारामतीवरून इंदापूर तालुक्यापर्यंत जातो. त्याच्या कडेने पाटबंधारे खात्याची देखरेखीची वाट आहे. पाणी आपल्या बळावर वाहावयाचे, म्हणून कालवा उताराच्या अंगाने वळणे घेत, अगदी नाममात्र उतरत जातो. चढ टाळण्याचे काम अभियंत्याने शंभर वर्षांपूर्वीच करून ठेवलेले असते. फ्रान्सचा 1681 मध्ये पुरा झालेला, 240 किलोमीटर लांबीचा कनाल द्यु मिदी याच कारणाने सायकलस्वारांना प्रिय आहे. नावा ओढणाऱ्या घोड्यांसाठी केलेल्या काठच्या वाटेवरून ते जातात. आपल्या कालव्याची वाट खात्याच्या कामासाठी आहे, तेव्हा फाटक बंद असेल तर पाटकऱ्याला विचारावे आणि तो नाही म्हणाला तर परतावे.

काळ्या मातीच्या मुलखात जून ते सप्टेंबर हा उद्योग करू नये. चिखल चाकात भरून सायकल खांद्यावर घेण्याची पाळी येते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे उत्तम महिने. निघण्यापूर्वी गावनकाशाची प्रत मिळवावी, आणि दुहेरी तुटक रेष शेतात जाऊन अचानक संपली, तर बांधावर जो कोणी असेल त्याला वाट विचारावी. समोरून मेंढरे आली तर उतरून कडेला उभे राहावे, कारण घंटी वाजविली की ती बिथरून नेमकी रस्त्याच्या मधोमध गोळा होतात.