टेबलावर मावेल एवढा नाताळ

डिसेंबर लागला की दुकानांत सहा फुटी, आठ फुटी प्लॅस्टिकची झाडं उभी राहतात आणि लहान घरातली मुलं आईबाबांचा हात ओढायला लागतात. त्या आईबाबांना सांगण्यासारखी एक झकास गोष्ट आहे: एकेकाळी बऱ्याच घरांत ख्रिसमस ट्री टेबलावरच असायचं.

पुरावा राणीच्या घरचा

१८४८ साली 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'ने विंडसरच्या राजवाड्यातलं एक चित्र छापलं. राणी व्हिक्टोरिया, प्रिन्स अल्बर्ट, भोवती मुलं आणि मधोमध सजवलेलं झाड. ते चक्क टेबलावर ठेवलेलं आहे. हे चित्र पाहून इंग्लंडात घरोघरी झाडं आली. दोन वर्षांनी अमेरिकेतल्या 'गोडीज लेडीज बुक' या मासिकाने तेच चित्र उचललं आणि राणीचा मुकुट, अल्बर्टच्या मिशा पुसून एक साधं अमेरिकन कुटुंब उभं केलं. झाड आणि टेबल मात्र जसंच्या तसं!

व्हिक्टोरियाला ही सवय लहानपणापासूनची. १८३२ च्या नाताळात, तेरा वर्षांची असताना, तिने डायरीत लिहून ठेवलंय की जेवणानंतर सगळे दिवाणखान्यात गेले, तिथे दोन मोठी गोल टेबलं होती आणि दोन्हींवर एकेक झाड, दिव्यांनी आणि साखरेच्या खेळण्यांनी लगडलेलं. भेटी झाडांभोवती मांडलेल्या.

आणखी मागे जायचं तर १६०५ च्या स्ट्रासबुर्गमध्ये. तिथल्या घरांतल्या झाडांवर कागदी गुलाब, सफरचंदं आणि साखरेचे पदार्थ टांगायचे, अशी नोंद आहे. सजावटीचं सामान म्हणजे घरातला कागद आणि घरातला खाऊ. काचेचे गोळे आणि विजेच्या माळा फार पुढच्या. विजेची पहिली माळ १८८२ ची: एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने न्यूयॉर्कमध्ये स्वतःच्या घरी लाल, पांढरे, निळे असे ८० दिवे झाडावर लावले.

झाड नाही? मग बनवू!

आइसलँडमध्ये सूचिपर्णी झाडांचा दुष्काळ. तिथल्या लोकांनी काय केलं? लाकडाची एक दांडी उभी केली, तिला आडव्या काड्या ठोकल्या, हिरवा रंग दिला, रानातली झुडपं गुंडाळली आणि काड्यांच्या टोकांवर मेणबत्त्या लावल्या.

जर्मनीत एकोणिसाव्या शतकात जंगलं वाचवायची काळजी पडली, तेव्हा हंसबदकांची पिसं हिरवी रंगवून तारेवर गुंडाळून झाडं केली गेली. कारखान्यात बनलेल्या कृत्रिम झाडांची ही पणजी. बरीचशी टेबलावर मावतील एवढीच असत.

आणि सगळ्यांवर कडी केली ती अंतराळवीरांनी. डिसेंबर १९७३ मध्ये 'स्कायलॅब' या अंतराळस्थानकावर तिघे जण होते: कार, गिब्सन आणि पोग. त्यांनी खाण्याचे रिकामे डबे जोडून झाड उभं केलं आणि शेंड्यावर चांदणीऐवजी धूमकेतू लावला, कारण त्या दिवसांत कोहौटेकचा धूमकेतू आकाशात होता आणि त्याचं निरीक्षण हेही त्यांचं काम होतं. माझ्या मते आजवरचं सर्वात देखणं ख्रिसमस ट्री हेच.

कपाटातलं झाड

१९०२ चा व्हाइट हाउसमधला किस्सा. थिओडोर रूझवेल्ट यांचा आठ वर्षांचा मुलगा आर्ची याने घरातल्या सुताराला हाताशी धरलं आणि एका मोठ्या कपाटात छोटंसं झाड सजवलं. नाताळच्या सकाळी सगळ्यांना नेऊन दाखवलं. झाडावर प्रत्येकासाठी एक भेट होती. जॅक कुत्रा, टॉम क्वार्ट्झ हे मांजरीचं पिल्लू आणि अल्गोंक्विन नावाचं तट्टू यांनाही तो विसरला नव्हता. बापाने हे सगळं पत्रात कौतुकाने लिहून ठेवलंय.

आपल्या नर्सरीतला पाहुणा

पुण्यामुंबईच्या किंवा गोव्याच्या नर्सरीत 'ख्रिसमस ट्री' मागा. कुंडीत मिळतो तो बहुतेक वेळा अरौकेरिया. नाव नॉरफोक पाइन असलं तरी हा खरा पाइन नव्हे. मूळ गाव ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या मधलं नॉरफोक बेट. १७७४ मध्ये कॅप्टन कुक तिथे उतरला तेव्हा या सरळसोट खोडांतून जहाजांच्या डोलकाठ्या निघतील, अशी त्याला आशा वाटली. लाकूड त्या कामाला उतरलं नाही आणि झाडाने कुंडीत बस्तान बसवलं. बेटावर तेच पन्नास मीटरच्या वर जातं!

जवळून बघा, खोडावर थोड्या थोड्या अंतराने फांद्यांचं एकेक कडं येतं, मजल्यावर मजला. वरून पाहिलं की प्रत्येक मजला चांदणीच्या आकाराचा दिसतो. हे कडं जपायचं, कारण खालची फांदी एकदा वाळून गळली की त्या जागी नवी फुटत नाही. बाजूची फांदी तोडून कुंडीत लावली तर ती जगते, पण आडवीच वाढते, उभं झाड होत नाही. शेंडाही खुडू नका. आणि फांद्या मऊ असतात, म्हणून काचेचे जड गोळे अजिबात नकोत.

याचाच भाऊ कुक पाइन, आपल्याकडे बागांत आणि बंगल्यांच्या आवारात दिसतो. त्याची तऱ्हा और. तो विषुववृत्ताकडे झुकून वाढतो! उत्तर गोलार्धात दक्षिणेला, दक्षिण गोलार्धात उत्तरेला. २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरची झाडं मोजून हे प्रसिद्ध केलं. सरासरी कल साडेआठ अंश. एखादा वाकडा दिसला तर होकायंत्र काढून बघाच.

मग टांगायचं काय?

घोटीव कागद. दिवाळीच्या आकाशकंदिलातून उरलेला चालेल. डेन्मार्कमध्ये दोन रंगांच्या कागदांच्या पट्ट्या एकमेकींत विणून बदामाच्या आकाराची पिशवी करतात, आत चॉकलेट किंवा दाणे ठेवतात आणि ती झाडाला टांगतात. वजन नगण्य, मुलांचे हात गुंतलेले आणि रिकामी झाली तरी शोभेची. सगळ्यात जुनी माहीत असलेली पिशवी १८६० ची आहे आणि ती केली आहे परीकथाकार हान्स ख्रिश्चन अँडरसनने.

बशीतलं रान

ही माझी सर्वात आवडती गोष्ट. फ्रान्समधल्या प्रोव्हान्समध्ये ४ डिसेंबरला, सेंट बार्बाराच्या दिवशी, तीन बशांत गहू पेरतात. क्रोएशियात तेच १३ डिसेंबरला, सेंट लुसीच्या दिवशी. रोपं वर आली की त्यांना फीत बांधून मध्ये मेणबत्ती लावतात. गोव्यात येशूजन्माच्या गोठ्याच्या देखाव्यात हिरवळ हवी म्हणून नाचणी पेरायची पद्धत आहे. नवरात्रात घट बसवणाऱ्या घराला यातलं काहीच नवं शिकवावं लागत नाही!

गहू रात्रभर भिजवा. सकाळी निथळून ओल्या कापडात बांधा. मोड दिसले की बशीत मातीचा पातळ थर देऊन दाटीवाटीने पसरा आणि रोज पाणी नुसतं शिंपडा, ओतू नका. बारा तारखेच्या सुमारास पेरलंत तर चोवीस तारखेपर्यंत चांगलं वीतभर रान उभं राहतं. त्यात कागदाची एक चांदणी खोवली की झालं. खर्च मूठभर गव्हाचा.

फराळही थोडकाच

गोव्यात नाताळच्या ताटात नेवऱ्या, दोदोल, कुलकुल, बेबिंका असं बरंच काही असतं. बेबिंका तर थरावर थर भाजत करायची, एकेका थराची वाट पाहत; एकटीने सगळं करायला बसलं तर नाताळ स्वयंपाकघरातच सरतो. ताटं शेजारीपाजारी जातातच, तर प्रत्येक घराने एकच पदार्थ करावा आणि वाटून घ्यावा, असं मला मनापासून वाटतं. घरी करायला कुलकुल निवडा. पिठाची छोटी गोळी काट्याच्या पाठीवर दाबून गुंडाळायची, रेघा आपोआप उमटतात. पाच वर्षांचं पोरही करतं, आणि त्याची वाकडी कुलकुलं आधी संपतात.

आवरायचं कधी?

बऱ्याच घरांत ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणाला. गोव्यात त्या दिवशी रेइश मागुश, चांदोर आणि कासावली इथे मोठा सण असतो. स्वीडनमध्ये १३ जानेवारीपर्यंत मुभा: त्या दिवशी मुलांना बोलावून झाडावरचा खाऊ लुटायला देतात, नाचगाणी होतात आणि झाड बाहेर जातं.

अरौकेरियाला मात्र बाहेर घाईने काढू नका. घरात राहिलेलं झाड एकदम दुपारच्या उन्हात गेलं की करपतं. आधी आठवडाभर सकाळचं कोवळं ऊन, मग गॅलरी. कुंडी अधूनमधून थोडी फिरवत राहा, नाहीतर झाड उजेडाकडे कलतं आणि पुढच्या डिसेंबरात चांदणी तिरकी बसते.