जुन्या जीपला क्रूझ कंट्रोल : वेग बांधण्याआधी सुटका पाहा

यवतमाळ : नागपूर-हैदराबाद हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ (पूर्वीचा क्रमांक ७) यवतमाळ जिल्ह्यातून वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी असा जात पैनगंगा ओलांडून तेलंगणात शिरतो. शेताच्या चिखलवाटेसाठी घेतलेली जुनी फोर बाय फोर गाडी या चौपदरी रस्त्यावर तासन्‌तास चालवावी लागते, तेव्हा अॅक्सिलरेटरवर ठेवलेला पाय अवघडून जातो. ठरवलेला वेग आपोआप राखणारी क्रूझ कंट्रोल यंत्रणा अशा गाडीला बाहेरून बसवता येते. मात्र ती वेग किती नेमका धरते, यापेक्षा तो किती खात्रीने सोडते, याला अधिक महत्त्व आहे.

अमेरिकेतील अंध अभियंता राल्फ टीटर यांना या यंत्रणेचे पेटंट १९५० मध्ये मिळाले आणि १९५८ मध्ये क्रायस्लर कंपनीच्या मोटारींत ती आली. तत्त्व आजही तेच आहे. गाडीचा वेग मोजायचा, तो ठरवलेल्या वेगाशी ताडून पाहायचा आणि त्यानुसार इंधन कमी-जास्त करायचे. काही जुन्या जीपना ट्रॅक्टरसारखा हाताने ओढायचा अॅक्सिलरेटर असे. तो म्हणजे क्रूझ कंट्रोल नव्हे. तो वेग राखत नाही आणि ब्रेक दाबल्यावर सुटतही नाही.

जोडणी कशी होते?

जुन्या डिझेल गाड्यांत अॅक्सिलरेटरची वायर थेट डिझेल पंपाचा दांडा ओढते. तेथे विजेवर चालणारी छोटी मोटर बसवून तोच दांडा ओढला जातो. कॉमन रेल इंजिनाच्या नंतरच्या गाड्यांत पेडल विद्युत संकेत पाठवते. त्यामुळे पेडल आणि इंजिनाचा संगणक यांच्यामध्ये एक नियंत्रक जोडला की काम भागते. पहिल्या प्रकारच्या गाड्यांत स्पीडोमीटरही फिरत्या वायरीवर चालत असल्याने वेगाचा विद्युत संकेत मिळत नाही. त्यासाठी प्रॉपेलर शाफ्टवर चुंबक लावून जवळ सेन्सर बसवतात. हा शाफ्ट मागच्या चाकांचाच असावा, कारण एरवी इंजिनाची ताकद तेथेच जाते. टायर मूळ मापापेक्षा मोठे असतील तर वेगाचे मोजमाप नव्याने जुळवावे लागते.

सुटकेच्या दोन कळी

ब्रेकच्या दिव्याचा स्विच हीच बहुधा यंत्रणेची सुटकेची कळ असते. जुन्या गाडीत तो झिजलेला असेल, तर दिवा लागणार नाही आणि यंत्रणाही सुटणार नाही. क्लचलाही असा स्विच लागतो. जुन्या गाड्यांत तो सहसा नसतो, म्हणून वेगळा बसवावा लागतो. तो नसेल तर क्लच दाबताच चाकांचा भार सुटतो आणि इंजिन भलतेच फिरू लागते. गंजलेली अॅक्सिलरेटर वायर आणि सैल परतीची स्प्रिंग जोडणीपूर्वीच बदलावी. पहिली चाचणी मोकळ्या रस्त्यावर, कमी वेगात घ्यावी. ब्रेक, क्लच आणि बंद करण्याचे बटण या तिन्हींनी यंत्रणा सुटते का, हे प्रत्येक वेळी पाहावे.

चारही चाके जोडल्यावर ती बंदच राहील, अशी तजवीजही करून घ्यावी. चिखलात किंवा ओल्या रस्त्यावर चाक घसरले, तर यंत्रणेची गफलत होऊन ती नको तेव्हा इंधन वाढवू शकते. ज्या वाटेवर चारही चाकांची गरज भासते, ती वाट क्रूझ कंट्रोलची नव्हे.

साधी क्रूझ कंट्रोल यंत्रणा ब्रेक लावत नाही. त्यामुळे उतारावर गाडीचा वेग ठरवलेल्या आकड्यापुढे जाऊ शकतो. समोरची कापसाची बैलगाडी किंवा रात्री अचानक आडवा येणारा रोही तिला दिसत नाही. पांढरकवड्याजवळ टिपेश्वर अभयारण्य आहे, हेही या भागातून जाताना विसरू नये. गावांतून जाणाऱ्या रस्त्यांवर ही सोय बंद ठेवणेच श्रेयस्कर.

नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करण्यास मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मनाई करते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर तपासणी करून नूतनीकृत करावी लागते. त्यामुळे खर्च करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करावी आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. पायाला विसावा मिळाला तरी डोळ्यांना विसावा नाही. झोप येत असेल तर गाडी बाजूला घेणे हाच उपाय.