धोंडो: मुलाचं नाव दगड का ठेवायचे?

नावांच्या मालिकेतला हा भाग ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतो, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे थोडी साफसफाई करून लिहून देतोय.

एका छोट्या कोड्याने सुरुवात करू. र. धों. कर्वे आणि ना. धों. महानोर. पहिले 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवणारे, संततिनियमनासाठी आयुष्यभर शिव्या खाल्लेले. दुसरे रानातले कवी, 'जैत रे जैत'ची गाणी लिहिणारे. दोघांत समान काय? मधलं 'धों.'. शाळेपासून आपण ही नावं इतक्या वेळा वाचतो, की ते अक्षर कशाचं हे विचारायचं राहूनच जातं. धों. म्हणजे धोंडो, दोघांच्याही वडिलांचं नाव. आता तुमच्या ओळखीत चाळिशीच्या आतला एक तरी धोंडो आहे का आठवून बघा. माझ्या ओळखीत नाही. आमच्या ऑफिसात अथर्व तीन आहेत.

अर्थ सरळ आहे. धोंडा म्हणजे मोठा दगड. आपण पायावर धोंडा पाडून घेतो, नको असलेली जबाबदारी गळ्यात पडली की तिला धोंड म्हणतो. म्हणजे रोजच्या बोलण्यात हा शब्द फारसा मानाचा नाही. पण त्याच धोंड्याला शेंदूर फासला की त्याचा म्हसोबा होतो आणि येणारा-जाणारा हात जोडतो. हे दोन्ही अर्थ डोक्यात ठेवा, पुढे लागतील. धोंडू, धोंडो, धोंडिबा, धोंडिराम, धोंडोपंत ही सगळी त्याच शब्दाची रूपं. त्यातलं 'धोंडो' हे ओकारान्त रूप आज कानाला विचित्र वाटतं, पण नारो, मोरो, केरो अशी नावं जुन्या कागदपत्रांत ढिगाने सापडतात.

मग पोटच्या पोराला दगड का म्हणायचं?

कारण आधीची पोरं जगलेली नसायची. शंभर वर्षांपूर्वी हिंदुस्थानात जन्माला आलेल्या दर पाच मुलांपैकी साधारण एक पहिल्या वाढदिवसाआधीच जायचं. हे सरासरी झालं. एखाद्या घरात लागोपाठ तीन-चार पाळणे रिकामे व्हायचे. देवी, जुलाब, धनुर्वात यांची कारणं माहीत नव्हती, औषधं त्याहून नव्हती. माहीत होतं ते इतकंच, की चांगल्या गोष्टीला नजर लागते. मग पुढचं मूल झालं की त्याला असं नाव द्यायचं, की नजर लावणाऱ्याला, सटवाईला किंवा थेट यमाला वाटावं, यात नेण्यासारखं काही नाही. हा दगड आहे, राहू दे. आणि दगड टिकतोही. त्याला ताप येत नाही.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे पटकन कळतं. 'महत्त्वाचं' नावाच्या फाइलला दहा जण हात लावतात. 'टेस्ट जुनं' नावाची फाइल सर्व्हरवर आठ वर्षं सुखाने नांदते.

या कुळातली नावं एक-दोन नाहीत. दगडू हा धोंडूचा सख्खा भाऊ. केरू किंवा केरोबा म्हणजे केरातला. भिकू, भिकाजी म्हणजे भीक मागून मिळवलेला, म्हणजे मूळचा आपला नव्हेच. काही ठिकाणी नुसतं नाव ठेवून भागायचं नाही. मूल खरोखर केराच्या ढिगावर क्षणभर ठेवायचे आणि उचलून आणायचे, किंवा शेजारणीला देऊन मूठभर धान्याच्या बदल्यात 'विकत' घ्यायचे. बंगालीत तिनकौडी हे नाव आहे, तीन कवड्यांना घेतलेला. चीनमध्ये खेडोपाडी 'कुत्र्याने सोडलेला' अशा अर्थाचं लाडनाव असायचं. एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या आयांना एकच युक्ती सुचली.

'धोंडो म्हणजे ढुंढिराज ना?' हा प्रश्न नेहमी येतो. नाही. ढुंढिराज हे काशीच्या गणपतीचं नाव, संस्कृतातलं, शोधणे या अर्थाच्या धातूशी जोडलेलं. दादासाहेब फाळके यांचं नाव धुंडिराज गोविंद फाळके, ते या गणपतीवरून. धोंडो दगडावरून. पुढच्या पिढ्यांना दगड सांगायची लाज वाटली की ते गणपतीकडे बोट दाखवतात, असा माझा अंदाज आहे. दुसरा धागा मात्र खरा वाटतो. अधिक महिन्याला आपण धोंड्याचा महिना म्हणतो, जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतो. त्या महिन्यात जन्मला म्हणून धोंडू, असंही घरोघरी सांगतात. हा महिना साधारण साडेबत्तीस महिन्यांनी येतो, म्हणजे तेवढ्यावर इतके धोंडू भरणार नाहीत. आणि प्रत्येक धोंडोमागे गेलेली भावंडं असतीलच असंही नाही. आजोबांचं नाव नातवाला ठेवायच्या पद्धतीत नाव उरतं, कारण गळून जातं.

मला या नावाचं सगळ्यात जास्त कौतुक कशाचं वाटत असेल, तर ते जात बघत नाही. १८५७ च्या उठावातले नानासाहेब पेशवे इंग्रजांच्या कागदांत धोंडोपंत म्हणूनच येतात. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली, तिचा ढाचा म्हणजे जोतीराव आणि धोंडिबा यांचा संवाद. १८५८ मध्ये जन्मलेले धोंडो केशव कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे. १८९३ मध्ये त्यांनी विधवेशी लग्न केलं, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं आणि १९५८ मध्ये, वयाच्या शंभरीत, भारतरत्न घेतलं. गंमत बघा, इतिहासातला सगळ्यात प्रसिद्ध धोंडो आपल्याला महर्षी म्हणूनच माहीत आहे. र. धों. हे त्यांचेच चिरंजीव. नाव मुलींनाही असायचं. केसरबाई केरकरांच्या शिष्या, जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायिका धोंडूताई कुलकर्णी २०१४ पर्यंत आपल्यात होत्या.

पण नाव सगळ्यांचं असलं तरी त्याचं ओझं सारखं नव्हतं. 'धोंडोपंत' म्हटलं की मागे पंत लागून दगडाची धार बोथट होते. दया पवारांचं मूळ नाव दगडू मारुती पवार. १९७८ च्या 'बलुतं'मध्ये शिकलेला दया पवार आणि आत दडलेला दगडू समोरासमोर येतात. तिथे दगडू हे नुसतं नजर चुकवायचं नाव उरत नाही, मागे सोडलेलं सगळं जग होतं. २०१४ च्या 'टाइमपास'मध्येही नायक दगडूच आहे आणि नाव ऐकताच त्याची वस्ती कुठली हे प्रेक्षकाला सांगावं लागत नाही.

धोंडो गेला कसा? लसी आल्या, दवाखाने आले. नमुना नोंदणी पद्धतीच्या २०२० च्या आकड्यांनुसार महाराष्ट्रात हजार जन्मांमागे १६ बालमृत्यू होतात. कुठे ते दोनशे आणि कुठे हे सोळा. नजर चुकवायची गरजच संपली. त्यातच शाळा, नोकरी आणि शहर आलं. नाव जगापासून लपवायचं नसून जगाला दाखवायचं झालं.

इथे एक फरक सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. साताऱ्यात २०११ मध्ये प्रशासनाने अडीचशेहून जास्त मुलींची नावं बदलली. त्या सगळ्यांचं नाव होतं नकोशी किंवा नकुशा. वरवर हा धोंडूचाच प्रकार वाटतो, वाईट नाव ठेवणं. पण धोंडू हा यमाला फसवायला सांगितलेला खोटेपणा होता, आत मूल हवंच होतं. नकोशीत खोटं काही नव्हतं. पुढचा मुलगा व्हावा म्हणून देवाला दिलेला तो निरोप होता आणि तो त्या मुलीला रोज हजेरीत ऐकावा लागायचा. परंपरा म्हणून दोन्ही एकाच पिशवीत भरणारे लेख मी वाचलेत, मला ते अजिबात पटत नाही.

आता एका श्रोत्याचा प्रश्न. परदेशात असतात, नुकताच मुलगा झालाय, पणजोबांचं नाव धोंडिबा. ते कुठेतरी ठेवावं असं वाटतं, पण घरचे म्हणतात, दगड कशाला. दादा, तुमच्या पणजोबांच्या आईने ते नाव बहुतेक घाबरून आणि खूप जीव लावून ठेवलं असणार, तेव्हा लाजायचं कारण नाही. अडचण वेगळी आहे. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं, त्यामुळे जुनं नाव एक पिढी 'धों.' होऊन राहतं आणि मग गळतं. तिकडे मधलं नाव काहीही चालतं, तर तिथे ठेवा. फक्त रोमन लिपीत ध आणि ढ, ड आणि द यांत फरक दिसत नाही. जन्माच्या वहीत नाव एकदा देवनागरीतही लिहून ठेवा, नाहीतर मोठा झाल्यावर कोणीतरी त्याला ढुंढिराजच सांगणार.