फिलाडेल्फियाचे भाषण आणि आपला बीड जिल्हा

बीड जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांनी २०२५ साली पोलिसांच्या नामफलकांवर आडनाव गाळून केवळ नाव लिहिण्याचा उपक्रम सुरू केला. ऑक्टोबर २०२३ मधील जाळपोळ, २०२४ च्या लोकसभा निवडणुकीतील मराठा व ओबीसी अशी उघड विभागणी आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात झालेली मस्साजोगच्या सरपंचांची हत्या, यांनंतर आडनाव वाचताच मने कलुषित होऊ लागली होती. उपक्रमाचा हेतू स्तुत्य आहे. तथापि आडनाव झाकले तरी त्यामागचा राग उरतोच. त्या रागाविषयी मतदारांशी मोकळेपणाने कसे बोलावे, याचा विचार करताना आम्ही एका उमेदवाराचे भाषण पुन्हा वाचले आणि मनाला उभारी आली.

बराक ओबामा तेव्हा अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागत होते. शिकागोतील त्यांच्या मंडळीचे पाळक जेरेमाया राइट यांच्या प्रवचनांतील जहाल उद्गारांवरून गदारोळ उठला होता. हात झटकणे सोपे होते. परंतु १८ मार्च २००८ रोजी फिलाडेल्फिया येथे ओबामा वंशभेदावरच बोलले. त्या उद्गारांचा त्यांनी निषेध केला, पाळकांशी असलेले नाते मात्र त्या दिवशी नाकारले नाही. (पुढे मे महिन्यात त्यांनी ती मंडळी सोडली, हेही सांगितले पाहिजे.) ज्या गोऱ्या आजीने त्यांना वाढवले, तिलाही रस्त्यात जवळून जाणाऱ्या कृष्णवर्णीय पुरुषांची भीती वाटे, हे त्यांनी जाहीरपणे सांगितले. कृष्णवर्णीयांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा राग आणि नोकरी गमावणाऱ्या गोऱ्या कामगाराची चीड, दोन्हींमागे खरी कारणे आहेत, असे ते एकाच श्रोतृवर्गासमोर म्हणाले. आमच्या मते या भाषणाचे बळ इथेच आहे.

आपल्याकडे मराठा शेतकऱ्याची आरक्षणाची निकड एका व्यासपीठावर मांडली जाते आणि आहे ते आरक्षण हातचे जाईल ही ओबीसी कुटुंबाची धास्ती दुसऱ्या. श्रोतेही वेगळे. दुष्काळ मात्र दोघांचा एकच, आणि कोयता घेऊन ऊसतोडीला परमुलखात जाण्याची वाटही एकच! याच बीडने १९६७ साली जिल्ह्याबाहेरच्या क्रांतिसिंह नाना पाटलांना लोकसभेवर पाठवले होते, हे आज कितीजणांच्या स्मरणात आहे?

रविवारी सकाळी उपासनेच्या वेळी अमेरिकेतील वंशांची फारकत सर्वाधिक दिसते, या जुन्या बोलाची आठवणही ओबामांनी त्या भाषणात दिली. इथे आपण ख्रिस्ती लोकांनी थबकावे. मराठवाड्यातील आपली बहुतेक कुटुंबे एके काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतून आली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला गेला. १९५६ मध्ये शिखांना व १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. ही तक्रार आपण शासनाकडे वारंवार करतो, आणि ती रास्तच आहे. पण २०१६ साली भारतीय कॅथोलिक बिशप परिषदेने दलितांविषयीच्या आपल्या धोरणपत्रात, जातिभेद ख्रिस्तसभेच्या आतही आहे, अशी स्पष्ट कबुली दिली. ते धोरणपत्र प्रत्येक धर्मग्रामात एखाद्या रविवारी मिस्सानंतर सर्वांसमोर वाचले जावे, अशी आमची इच्छा आहे.