घरकामाची वाटणी आणि बालसंगोपन : गोंदिया जिल्ह्यातील ग्रामीण कुटुंबाच्या संदर्भात

प्रस्तावना

कुटुंब ही बालकाची पहिली शाळा होय, असे नेहमी म्हटले जाते. मात्र या शाळेतील पाठ नेमका कशातून दिला जातो, याचा विचार त्यामानाने कमी होतो. शेतीवर जगणाऱ्या कुटुंबात मुलांना समोर बसवून संस्कार देण्याइतकी सवड क्वचितच असते. घरातील कामे पाहून व त्यांत हातभार लावूनच मूल शिकत जाते. पहाटे सडा-सारवण कोण करते, पाणी कोण भरते, जेवण झाल्यावर ताट कोण उचलते आणि कोण तसेच सोडून उठते, हे मूल रोज पाहते. 'हे काम कोणाचे?' या प्रश्नाचे उत्तर त्याला शब्दांवाचून मिळते. म्हणूनच घरकाम आणि बालसंगोपन हे दोन स्वतंत्र विषय नसून एकाच प्रक्रियेची दोन अंगे आहेत. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेचा गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात विचार केला आहे.

जिल्ह्याची पार्श्वभूमी

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन आठ तालुक्यांचा गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १३ लाख २२ हजार असून पाचांपैकी चारांहून अधिक लोक ग्रामीण भागात राहतात. याच जनगणनेत राज्यात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या, तर गोंदिया जिल्ह्यात हे प्रमाण ९९९ होते. ही बाब निश्चितच समाधानाची आहे. परंतु संख्येची समानता म्हणजे श्रमाची समानता नव्हे. स्त्री-पुरुषांची संख्या जवळजवळ सारखी असलेल्या या जिल्ह्यातही घरातील कामाचे तास सारखे वाटले गेलेले नाहीत.

कामाचे ऋतुचक्र

धान हे जिल्ह्याचे प्रमुख पीक होय. त्याला मामा तलावांचे पाणी, मोहफूल, तेंदूपत्ता आणि घरोघरी चालणाऱ्या विडीकामाची जोड मिळत आली आहे. त्यामुळे येथील घरकाम वर्षभर सारखे नसते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटेच मोहफुले वेचण्यास जावे लागते. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडणे व पुडके बांधणे चालते. जुलैपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत रोवणीचा हंगाम असतो. पऱ्हे उपटून चिखलाच्या बांधीत वाकून रोवण्याचे काम मुख्यतः स्त्रिया करतात आणि ते दिवसभराचे असते.

येथे एक अडचण उभी राहते. विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात आणि काही आठवड्यांतच रोवणी सुरू होते. आई बांधीत असताना चूल, गुरे आणि लहान लेकरू यांची जबाबदारी घरातील दुसऱ्या कोणावर तरी येते. आजी असल्यास ती हा भार उचलते. मात्र विभक्त कुटुंबात तो बहुधा मोठ्या मुलीवर पडतो. तिची शाळेतील अनुपस्थिती अनेकदा अनास्था म्हणून नोंदली जाते. वास्तविक त्या दिवशी ती घरी एक पूर्ण जबाबदारी पार पाडत असते.

आकडेवारी काय सांगते?

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षण केले. त्यात सहा वर्षे व त्यावरील वयाच्या ८१.२ टक्के स्त्रिया आणि २६.१ टक्के पुरुष विनामोबदला घरकामात सहभागी असल्याचे आढळले. सहभागी स्त्रियांचा या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता, तर सहभागी पुरुषांचा ९७ मिनिटे. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ मिनिटे असे आले.

वरवर पाहता स्त्रियांचा भार हलका झाल्याचे दिसते. परंतु सहभागी पुरुषांची मिनिटेही घटली आहेत. दोहोंतील अंतर २०१९ मध्ये २०२ मिनिटांचे होते, ते २०२४ मध्ये २०१ मिनिटांचे राहिले. गॅस, नळ, मिक्सर यांसारख्या साधनांमुळे कष्ट कमी होऊ शकतात, मात्र कामाची वाटणी त्यामुळे आपोआप बदलत नाही. ती सवयीने ठरते आणि सवय बालपणी लागते.

काम शिकवणे आणि काम लादणे

मुलांनी घरकाम करू नये, असा याचा अर्थ नाही. स्वतःचे ताट धुणे, अंथरूण काढणे, कोंबड्या-शेळ्यांकडे पाहणे यांतून स्वावलंबन, निरीक्षण व सहकार्य हे गुण वाढतात. फरक तीन गोष्टींचा आहे. काम वयाला झेपणारे आहे काय? ते अभ्यासाच्या व खेळाच्या वेळेवर अतिक्रमण करते काय? आणि मुलगा व मुलगी दोघांनाही ते सांगितले जाते काय? या कसोट्यांना उतरते ते शिक्षण होय. जे उतरत नाही ते केवळ ओझे ठरते.

विडीकामाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९८६ च्या बालकामगार कायद्याने विडी वळण्याच्या कामावर मुलांना ठेवण्यास मनाई केली होती. परंतु कुटुंबाच्या मदतीने चालणाऱ्या कामास त्यातून सूट होती. परिणामी जे काम कारखान्यात बेकायदा ठरत होते तेच घराच्या ओसरीवर 'मदत' ठरत होते. २०१६ च्या दुरुस्तीने कौटुंबिक व्यवसायातील मुलांची मदत घातक नसलेल्या कामांपुरती आणि शाळेच्या वेळेबाहेर वा सुटीत मर्यादित केली. तथापि स्वयंपाक आणि भावंडांचा सांभाळ ही कामे 'व्यवसाय' या संज्ञेतच बसत नाहीत. त्यामुळे मोठ्या मुलीचे श्रम कायद्याच्या नजरेतून निसटतात.

कोसबाडचा धडा

या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रात पूर्वीच शोधले गेले आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू केलेले बालशिक्षणाचे कार्य १९५७ मध्ये कोसबाड येथे नेले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, कारण काही गुरे राखतात आणि काही धाकट्या भावंडांना सांभाळतात, हे त्यांनी ओळखले. त्यांनी पालकांना दोष दिला नाही. गुरे चारणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढल्या, तर विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणल्या. धाकटे भावंड पाळणाघरात आणि थोरली बहीण वर्गात, ही ती साधी पण दूरदृष्टीची व्यवस्था होती.

अंगणवाडी ही त्याच विचाराशी नाते सांगणारी संस्था आहे. मात्र तिची वेळ रोवणीच्या दिवसापेक्षा कमी असते आणि तिचा पूर्व-प्राथमिक वर्ग तीन ते सहा वर्षे वयाच्या मुलांसाठी असतो. तीन वर्षांखालील मुलाला दिवसभर सांभाळण्याची सोय तेथे सर्वसाधारणपणे नसते. २०२२ पासून केंद्राच्या मिशन शक्तीअंतर्गत 'पाळणा' योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची तरतूद झाली आहे. धानपट्ट्यात निदान जुलै-ऑगस्टमध्ये अशी सोय झाली, तर तिचा लाभ आईइतकाच थोरल्या मुलीच्या शिक्षणालाही होईल.

घरकामाचे मूल्य

जनगणनेत केवळ घरकाम करणारी स्त्री 'काम न करणारी' या वर्गात मोडते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये अरुणकुमार अग्रवाल प्रकरणात या वर्गीकरणावर टीका केली. पुढे जानेवारी २०२१ मध्ये कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या प्रकरणात अपघाती नुकसानभरपाईसाठी गृहिणीच्या कामाचे आर्थिक मूल्य धरणे आवश्यक मानले. हे मूल्य गृहिणीच्या मृत्यूनंतर नुकसानभरपाई ठरवताना मोजले जाते. ती हयात असताना ते घरातच मान्य व्हावे, ही खरी अपेक्षा आहे.

निष्कर्ष

बालसंगोपन म्हणजे केवळ मुलांना वाढवणे नव्हे. उद्याचे घर कसे चालेल याची ती पूर्वतयारी असते. आज भाकरी थापणाऱ्या आईजवळ बसून भाजी निवडणारा मुलगा उद्या घरकामाला परके मानणार नाही. शासनाने हंगामी पाळणाघरे द्यावीत, पालकांनी मुलगा-मुलगी असा भेद न करता कामे वाटावीत आणि शिक्षकांनी अनुपस्थितीमागील कारण जाणून घ्यावे. ही अखेरची बाब महाविद्यालयांनाही लागू आहे. जुलै-ऑगस्टमध्ये वर्गातील एखाद्या विद्यार्थिनीची जागा रिकामी दिसल्यास हजेरीपटावर खूण करण्यापूर्वी ती कोणाच्या वाट्याचे काम करीत आहे, हे विचारले जाणे अगत्याचे आहे.