पाण्यावर तरंगणारं चाक

राधानगरीच्या रस्त्यावर भर पावसात गाडी ताशी 90 च्या पुढे गेली आणि रस्त्यावर पाणी साचलेलं असलं, की स्टिअरिंग अचानक हलकं लागतं. टायर आणि डांबर यांच्यामध्ये पाणी शिरतं, चाक त्यावर चढतं आणि ब्रेक नावापुरता उरतो. विमानाचंही तेच.

नासाच्या अभ्यासातून आलेलं ढोबळ सूत्र असं: टायरमधल्या दाबाचं (पौंड प्रति चौरस इंच) वर्गमूळ गुणिले 9, की धोक्याचा वेग नॉटमध्ये मिळतो. कारचा दाब 32, म्हणून ताशी सुमारे 94 किलोमीटर. बोइंग 737 चा दाब 200 च्या आसपास, म्हणजे 127 नॉट, ताशी 235 किलोमीटर. हे विमान जवळपास त्याच वेगानं उतरतं! विमानाचं वजन या सूत्रात कुठेच नाही.

म्हणून धावपट्टीवर आडवे चर पाडतात, साचलेलं रबर खरवडतात. ओल्या पट्टीवर वैमानिक विमान जरा दणक्यानंच टेकवतो, म्हणजे पाण्याचा थर फुटतो. प्रवासी मात्र त्यालाच नावं ठेवतात. मुंबईत 1 जुलै 2019 च्या रात्री मुसळधार पावसात जयपूरहून आलेलं स्पाइसजेटचं 737 पट्टी ओलांडून पुढे गेलं. मुख्य धावपट्टी काही दिवस बंद होती.